डोळ्यांनी घेतलेले माप

म्हैसूरच्या नजरबाद भागात सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत गोदावरीबाईंचे शिवणाचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन शिलाई मशीन, कापड बेतण्याचे एक लांब टेबल आणि भिंतीवर विठ्ठलाची तसबीर. बाईंचे वय बहात्तर. सकाळी दुकान उघडल्यापासून संध्याकाळी शटर ओढेपर्यंत त्यांच्या गळ्यात पिवळा टेप लोंबत असतो. आणि त्या टेपाने त्या कधी कोणाचे माप घेत नसत, हीच त्यांची ख्याती होती. गिऱ्हाईक दारात उभे राहिले की गोदावरीबाई चष्म्याच्या वरून त्याच्याकडे एकदा पाहत, हाताने खूण करून एकदा वळायला लावत आणि वहीत आकडे मांडत. त्या आकड्यांवर शिवलेला कपडा कधी उसवावा लागत नसे.

"मग टेप कशाला गळ्यात, अज्जी?" एखादी नवी मुलगी विचारी.

"तुझ्या गळ्यात चेन आहे ना, तशी माझ्या गळ्यात ही," बाई म्हणत. "दागिना आहे माझा."

या ख्यातीचा अभिमान बाईंपेक्षा त्यांच्या मुलाला, श्रीवत्सला, अधिक होता. तो विमा कंपनीत नोकरीला आहे. आलेल्या पाहुण्याला चहा देण्याआधी तो आईच्या डोळ्यांची गोष्ट सांगे. म्हणूनच मागच्या वर्षी तिथल्या मराठी समाजाच्या विठ्ठल मंदिरामागच्या हॉलमध्ये तरुण मंडळींनी नाटक करायचे ठरवले, तेव्हा नाटकानंतर गोदावरीबाईंचा सत्कार करावा हे त्यानेच सुचवले. शाल, नारळ आणि एक पितळी पाटी. पाटीवरचा मजकूरही त्यानेच लिहिला: "ज्यांच्या डोळ्यांना टेप लागत नाही, अशा आमच्या गोदावरीबाई." निमंत्रणपत्रिका छापून आल्या, त्यांतही हे वाक्य होते.

बाईंना सत्काराचे अप्रूप नव्हते असे नाही. त्या थकल्या होत्या. गुडघे दुखत, पाठीचा वरचा मणका दुपारनंतर ठणके. पन्नास वर्षे मान खाली घालून बसलेल्या माणसाला एकदा चार लोकांत मान वर करून बसावेसे वाटले, तर त्यात गैर काहीच नाही.

नाटक बाईंच्या नातीने, सिंचनाने, लिहिले होते. सिंचना कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घरात ती मराठी बोले, पण तिच्या मराठीत अर्धे शब्द कन्नड आणि उरलेल्यांतले बरेच इंग्रजी. नाटक तिने कन्नडमध्येच लिहिले. शिवलेल्या पानांची प्रत तिने आजीच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अज्जी, आधी तू वाच. सगळे कॉस्च्युम तुलाच करायचे आहेत."

गोदावरीबाई सहासष्टाव्या वर्षी अक्षरे शिकल्या होत्या. शाळेच्या ओसरीवर प्रौढांचा वर्ग भरे, तिथे. त्याआधी त्यांना फक्त आकडे येत. आता त्या ओळीखाली बोट ठेवून वाचत आणि एका पानाला एक दुपार लागे. भरभर वाचणारा माणूस जे ओलांडून पुढे जातो, त्यावरून त्यांना चालतच जावे लागे.

नाटकातले राज्य कोणत्याही नकाशात नव्हते. डोंगरावर एक गाव, खाली दरी, दरीत कायमचे धुके. दरीच्या कडेला धुकेकर नावाचे लोक राहत. धुकेकरांच्या अंगात धुके भरलेले असते, त्यांनी ज्याला स्पर्श केला त्याचे डोळे पांढरे होतात, असे गावकरी मानत. म्हणून धुकेकरांना गावाच्या विहिरीवर येता येत नसे आणि बाजारात त्यांना खाली पाहून चालावे लागे. शेवटी राजाने त्यांना हाकलून देण्याचा हुकूम काढला. ते गेले, आणि सातव्या दिवशी धुके डोंगर चढून गावात शिरले. तेव्हा कळले की धुकेकर रोज पहाटे कसल्याशा पाल्याची धुनी पेटवून ते धुके दरीतच थोपवून धरत होते. राजा पश्चात्तापाने धुक्यात निघून जातो. धुकेकर परत येतात. त्यांची म्होरकी गावासमोर उभी राहून म्हणते, "आम्ही क्षमा केली." पडदा.

बाईंना गोष्ट आवडली. पण सतराव्या पानावर त्यांचे बोट थांबले, ते दोन दिवस तिथेच राहिले. तिथे लिहिले होते: "धुकेकरांचे कपडे त्यांच्या अंगावर कधीच नीट बसत नसत. एक बाही लांब, एक आखूड, खांदा ओघळलेला. त्यांची हाडेच तशी वाकडी होती, असे गावकरी म्हणत."

संध्याकाळी सिंचना दुकानात आली, तेव्हा बाईंनी ते पान तिच्यापुढे केले.

"हे कपडे कोणी शिवले?"

"कुठले?"

"या लोकांचे. वाकडे."

सिंचना हसली. "अय्यो अज्जी, हे कल्पनेतलं राज्य आहे. तिथले कपडे कोणी शिवले, हे कोण विचारतं?"

"मी विचारते. शिवल्याशिवाय कपडा येतो कुठून? झाडाला लागतो?"

"बरं, असेल कोणी टेलर. त्याचं काय?"

"त्याचं काय ते तू लिहिलं नाहीस. सगळा दोष राजाच्या डोक्यावर टाकलास. मी मोजलं, राजा चार पानांत येतो. बाकीच्या पानांत कोण आहे? विहिरीवरची बाई आहे, बाजारातले लोक आहेत. राजा गेला धुक्यात, आणि हे सगळे घरी जाऊन जेवले?"

"पण अज्जी, त्यांना ठाऊक कुठे होतं? त्यांचा गैरसमज होता. ठाऊक नसताना केलं त्याला पाप कसं म्हणायचं? राजाला ठाऊक होतं, त्याच्या प्रधानानं त्याला सांगितलेलं असतं. म्हणून दोष राजाचा."

"त्या टेलरला ठाऊक नव्हतं?"

"काय?"

"की माप घेतलं नाही, तर कपडा वाकडाच होणार."

सिंचनाने नाटकाची प्रत मिटली. तिला तालमीला उशीर होत होता. "तू ना, टेलरच्या बाजूनंच विचार करणार. ती ओळ गंमत म्हणून घातली आहे, अष्टेच, तेवढंच. आणि ती काही माझी नाही, तुझीच आहे."

"माझी?"

"मी लहान असताना तूच सांगायचीस ना? हुणसूरला रानातले लोक यायचे, त्यांच्या अंगावर कपडा कधी बसायचाच नाही, त्यांचे खांदेच वाकडे. मला ते किती भारी वाटायचं! तिथूनच तर धुकेकर सुचले."

एवढे बोलून ती निघून गेली. गोदावरीबाई पायडलवर पाय ठेवून बसून राहिल्या. मशीन त्यांनी चालवले नाही.

ते खरे होते. त्यांनीच सांगितले होते, हसून सांगितले होते.

लग्नानंतरची पंधरा वर्षे त्यांनी म्हैसूरजवळच्या हुणसूरला काढली. नवऱ्याचे दुकान बाजारपेठेच्या टोकाला होते. तंबाखूचा हंगाम संपला की गावात पैसा येई आणि शिवणाला गर्दी होई. त्याच दिवसांत रानाच्या कडेच्या वस्त्यांतले लोकही येत. त्या वस्त्यांना तिकडे हाडी म्हणतात. हाडीतली माणसे सणाआधी एकदा येत, कापड काखेत धरून आणत आणि दुकानाच्या पायरीखाली उभी राहत. सासूबाईंचा नियम असा, की त्यांनी पायरी चढायची नाही आणि आपला टेप त्यांच्या अंगाला लागू द्यायचा नाही. टेप बाटला तर दुसरी गिऱ्हाइके येणार नाहीत. नवरा पुरुषांचे कपडे दुरून पाहून बेती. बायकांच्या रविका, म्हणजे चोळ्या, नव्या सुनेकडे, म्हणजे गोदावरीबाईंकडे, आल्या.

वीस वर्षांच्या सुनेने असे माप कधी घेतलेले नव्हते. पायरीखाली, पदर गुंडाळून, खाली पाहत उभ्या असलेल्या बाईचा मुंढा, म्हणजे काखेचा घेर, किती आणि पाठ किती, हे तिला काय कळणार? तिने अंदाजाने कापले. चुकले. पुढच्या वर्षी पुन्हा अंदाजाने कापले, थोडे कमी चुकले. असे करता करता, कितीतरी बायकांचे कापड बिघडवून, तिचा डोळा तयार झाला. जो डोळा पुढे म्हैसुरात नावाजला गेला, तो त्या बिघडलेल्या कापडावर शिकला होता. ही गोष्ट गोदावरीबाईंनी कोणाला सांगितली नव्हती. खरे तर त्यांनी स्वतःलाही ती अशा शब्दांत कधी सांगितली नव्हती.

त्यांतली एक बाई त्यांच्या डोळ्यांपुढून जात नसे. केंपम्मा तिचे नाव. ती पहिल्यांदा आली, तेव्हा तिला बहुधा कोणी नियम सांगितला नसावा. माप घेणार म्हणून तिने आपले दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरले आणि ती तशीच उभी राहिली. सून वर उभी, गळ्यात टेप. बाजारातले लोक पाहू लागले.

"पुरे. दिसलं," सून म्हणाली.

केंपम्माचे हात खाली यायला फार वेळ लागला.

दुसऱ्या वर्षी ती तीच रविका घेऊन आली. मुंढ्यात फाटली होती. थोडी सैल करून देता का, एवढेच तिने विचारले. दुकानात तेव्हा पेठेतल्या तीन बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर आपले काम वाईट ठरू नये, म्हणून सून मोठ्याने म्हणाली, "तुझा खांदाच वाकडा आहे. माझी कात्री काय करणार?"

बायका हसल्या. सूनही हसली. मग ते वाक्य पेठेत फिरले, लोकांच्या तोंडी बसले, आणि दोन-तीन वर्षांत सगळ्या हुणसूरच्या बाजाराला ठाऊक झाले की रानातल्या लोकांची हाडेच वाकडी असतात. केंपम्मा पुन्हा आली नाही.

सासूबाई गेल्या, दुकान मोडले, कुटुंब म्हैसूरला आले. इतकी वर्षे जेव्हा जेव्हा मनात ते टोचले, तेव्हा गोदावरीबाईंनी सासूबाईंचे नाव घेतले. नियम त्यांचा होता. आपण सून होतो. नातीच्या नाटकात जसा राजा होता, तशा आपल्या मनात सासूबाई होत्या. पण खांदा वाकडा आहे, असे म्हणायला सासूबाईंनी सांगितले नव्हते.

आठवडाभर बाईंनी कोणाला काही न सांगता पोशाखांचे कापड निवडून ठेवले. गावकऱ्यांचे, प्रधानाचे, राजाचे. सत्कार तीन आठवड्यांवर आला होता. श्रीवत्स पाटी घेऊन आला आणि पितळेवरची अक्षरे त्याने आईला बोटाने दाखवली. आईने वाचली. वाचता येत असल्याचा त्यांना त्या दिवशी आनंद झाला नाही. बोलले तर हे सगळे जाणार होते: पाटी, शाल, मुलाचा अभिमान, नातीच्या डोळ्यांतले कौतुक. नाही बोलले तर ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी, तिच्यासाठीच चार लोकांसमोर मान वर करून बसायचे होते. आणि या वयात नवी लाज उचलण्याची ताकद आपल्यात नाही, असे त्यांना वाटे. दुपारी त्या टेबलावर डोके टेकून झोपून जात.

एका शनिवारी सिंचना नाटकातली सगळी मंडळी मापाला घेऊन आली. खोली भरून गेली. बाईंनी एकेकाला दारात उभे केले, चष्म्यावरून पाहिले आणि आकडे लिहिले. राजा झालेला रक्षित आपले पोट आत ओढून उभा राहिला.

"सोड रे पोट," बाई म्हणाल्या. "मी दोन बोटं जास्तच धरली आहेत. त्या दिवशी मंदिरात जेवण आहे."

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. सिंचना मैत्रिणींना म्हणाली, "बघितलंत? मी सांगितलं होतं ना?"

शेवटी एक सावळी, उंच मुलगी पुढे आली. तिचे नाव नव्या. ती सिंचनाच्या वर्गात होती, हॉस्टेलमध्ये राहत होती आणि धुकेकरांच्या म्होरकीचे काम करणार होती. ती कन्नडच बोले. हिचे गाव हुणसूरच्या पलीकडे रानाच्या कडेला, हाडीतली आहे, असे सिंचनाने सकाळी सहज सांगितले होते. नव्या उंबऱ्याशी उभी राहिली आणि माप द्यायचे म्हणून तिने दोन्ही हात पसरले.

गोदावरीबाईंची पेन्सिल थांबली.

त्या टेबलाला धरून उठल्या. गळ्यातला टेप त्यांनी काढला आणि त्या नव्याकडे गेल्या. खोलीतले हसणे थांबले. सिंचनाने आजीला असे उठताना कधी पाहिले नव्हते.

नव्याने हात खाली घेतले. "सगळ्यांचं डोळ्यांनी," ती म्हणाली. "माझंच टेपनं का? माझ्या अंगात काय वेगळं आहे?"

"तुझ्या अंगात काही नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांत आहे."

मग त्यांनी रक्षितला सांगितले, "सगळ्यांना कॉफीला घेऊन जा. या दोघी राहू देत." मंडळी गेली. बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पायरी सांगितली, टेप सांगितला, पसरलेले हात सांगितले, ते वाक्य सांगितले. नव्याला कळावे म्हणून कन्नडमध्येच सांगितले. मध्ये त्या एकदाच थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि पुढे म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. टेप माझ्या गळ्यातच होता. हात वर करायचा आणि काढायचा, एवढंच काम होतं."

सिंचना भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे सतरावं पान..." ती म्हणाली.

नव्याने टेबलावरचा खडू उचलून पाहिला. मग ती म्हणाली, "आमच्याकडे दुकानातून आणलेली रविका कोणी तशीच घालत नसे. माझी अज्जी घरी आली की पहिल्यांदा ती उसवायची, मग दिव्याजवळ बसून हातानं पुन्हा शिवायची. सगळ्याच बायका तसं करायच्या. मला वाटायचं, दुकानात कपडे अर्धेच शिवून देतात आणि उरलेलं घरी करायचं असतं. सगळ्या जगात असंच असतं." ती थोडे हसली. "कॉलेजला आले, तेव्हा पहिल्यांदा कळलं."

"त्या केंपम्माला ओळखतेस?" बाईंनी विचारले. ही एवढी आशा त्यांच्या आवाजात उरली होती.

"आमच्याकडे दर दुसरी बाई केंपम्मा आहे, अज्जी."

"मग मी काय करू?"

"मला काय ठाऊक?" नव्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. "तुम्हाला क्षमा करायची, तर ती मी कशी करणार? माझं कापड तुम्ही बिघडवलेलं नाही. खरं सांगू, सिंचना? शेवटचं वाक्य, 'आम्ही क्षमा केली', ते मला पाठच होत नाही. रोज तालमीला तिथंच अडकते. बाकी सगळं येतं."



"माप घेताय ना?" नव्याने पुन्हा हात पसरले. "मला बस आहे. घरी जायचं आहे आज."

गोदावरीबाईंनी टेपाने माप घेतले. खांदा, मुंढा, पाठ, बाही. इतक्या वर्षांत सवय गेली होती. टेप दोनदा हातातून घसरला. नव्याचा खांदा सरळ होता. अर्थात सरळच असणार.

त्या रात्री जेवताना त्यांनी श्रीवत्सला सत्कार रद्द करायला सांगितले आणि कारणही सांगितले. श्रीवत्सचा घास हातातच राहिला.

"आई, त्या काळी सगळेच तसं करायचे."

"सगळ्यांचा सत्कार करत नाही आहात. माझ्या एकटीचा करताय."

"पत्रिका छापल्या आहेत. लोक विचारतील, काय सांगू?"

"मी सांगितलं तेच सांग. नाही सांगवलं, तर तब्येत बरी नाही म्हण. तेही खोटं नाही."

त्याने ताट बाजूला सारले. काही दिवस तो आईशी कामापुरतेच बोलत होता. पितळी पाटी कपाटावर उलटी ठेवलेली राहिली. शेजारच्या मालतीबाई चौकशीला आल्या, तेव्हा त्याने तब्येतीचे कारण सांगितले. खरे कारण गोदावरीबाईंनीच, मालतीबाईंना जिन्यापर्यंत पोचवताना, सांगून टाकले. मालतीबाईंनी "असू दे हो, जुन्या गोष्टी," असे म्हणून पायांत चपला घातल्या, आणि त्यानंतर त्या ब्लाउज शिवायला टाकायला आल्या नाहीत. तो त्यांचा प्रश्न होता.

सिंचना मात्र चौथ्या दिवशी दुकानात आली. ती स्टूल ओढून आजीसमोर बसली.

"ती ओळ मी काढून टाकू का? वाकड्या हाडांची?"

"काढू नको," बाई म्हणाल्या. "काढलीस तर कोणी शिवलं, हा प्रश्नच जाईल."

"मग लोकांना कळणार कसं? आणि शेवटी काय करू? नव्याला ते वाक्य येत नाही, आणि आता मलाही लिहिलेलं बघवत नाही."

बाईंनी टेबलाखालून एक पिशवी काढली. त्यात नव्याचा पोशाख होता, राखाडी कापडाचा. त्यांनी तो पसरला. आत सगळी शिवण मापाची, पक्की होती. वरून मात्र त्यांनी लाल दोऱ्याने कच्चे टाके घालून एक खांदा खाली ओढला होता, एक बाही चुणून आखूड केली होती, पाठीत कापड गोळा केले होते. दुरून पाहणाऱ्याला ते अंग वाकडेच वाटले असते.

"वाकडं शिवायचं तर आधी सरळ माप लागतं. ते मला आता कळलं," बाई म्हणाल्या. "हा दोरा एकच आहे. इथून टोक ओढलं की सगळा निघून येतो. तिला म्हणावं, शेवटी काही बोलू नको. गावासमोर उभी राहा आणि दोरा काढ. तिची अज्जी घरी करायची, ते तिनं सगळ्यांच्या समोर करावं. तिला पटलं तर. नाही पटलं, तर तुझं वाक्य आहेच."

सिंचनाने लाल दोऱ्यावरून बोट फिरवले. मग ती आजीच्या मांडीवर डोके टेकवील, असे बाईंना क्षणभर वाटले. तसे तिने केले नाही. ती म्हणाली, "विचारते तिला," आणि पिशवी उचलून गेली. पूर्वीसारखी ती आजीशी थट्टा करत नव्हती. कदाचित पुढे करील.

नव्याने निरोप पाठवला: दोरा चालेल.

नाटकाच्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला होता. गोदावरीबाई विंगेत एका खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर सुई-दोरा आणि कात्री घेऊन, कोणाचे काही फाटले तर शिवायला. सत्काराची खुर्ची कोणीतरी पहिल्या रांगेत चुकून ठेवली होती. तिच्यावर एक आजोबा येऊन बसले. श्रीवत्स चौथ्या रांगेत होता. आला होता, एवढे पुरे होते.

राजा धुक्यात गेला. रक्षितचे पोट मापात होते. धुकेकर परत आले आणि नव्या त्यांच्यापुढे उभी राहिली, एक खांदा ओघळलेला, एक बाही कोपरापर्यंत. गावकरी म्हणाले, आम्हाला ठाऊक नव्हते. नव्या काही बोलली नाही. तिने मानेपाशी दोऱ्याचे टोक शोधले आणि ओढले.

खांदा वर आला. पाठ मोकळी झाली. बाहीची एक चुणी सुटली, दुसरी सुटली, आणि तिसऱ्या ठिकाणी दोरा अडकला.

गोदावरीबाईंना लगेच कळले. तिथे त्यांनी सवयीने गाठ मारली होती. कच्च्या टाक्याला गाठ मारायची नसते. पन्नास वर्षांचा हात, टाका संपला की आपोआप गाठ मारतो. नव्याने पुन्हा ओढले. दोरा आला नाही. हॉलमध्ये कोणी खोकले. बाई कात्री घेऊन खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

नव्याने विंगेकडे पाहिले. तिला कात्री दिसली. तिने मान हलवली: नको.

मग तिने आपला हात तोंडाशी नेला, बाहीवरची ती गाठ दातांत धरली आणि सगळ्या गावासमोर, सगळ्या हॉलसमोर, तोडली. बाही मनगटापर्यंत उतरली. तुटलेला लाल दोरा तिने जिभेवरून काढून खाली टाकला आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून ती उभी राहिली. पाहणाऱ्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. टाळ्या झाल्या.

गोदावरीबाई खाली बसल्या. कात्री त्यांच्या मांडीवर तशीच राहिली. पडदा पडेपर्यंत नव्याचे हात पसरलेले होते, आणि बाईंनी, मान दुखत असूनही, त्यांच्यावरून डोळे काढले नाहीत.